दुपारचा सडा

ताश्कंद
२८ ऑगस्ट १९७३

ती. होसियत यांगा यांस,
मुअत्तरचा सा. सलाम वि. वि.

काल संध्याकाळी पोहोचले. बसमध्ये जागा नव्हती, सगळा वेळ उभीच होते. पण ओयींनी दिलेली द्राक्षं छातीशी धरून आणली, एक घड चेंगरला नाही. वसतिगृहातल्या मुलींनी चहा उकळायच्या आत ती संपवली आणि माझ्या आईला, तुमच्या सासूबाईंना, शंभर वर्षं आयुष्य चिंतलं. हे ओयींना मोठ्याने वाचून दाखवा. नान मात्र मी कुलपात ठेवले आहेत.

उन्हाळाभर मी घरात सगळ्यांना छळलं. अंगणातल्या वेलीला काचेच्या डब्या लावल्या, नळ्या लावल्या, खाली बाटल्या मांडल्या. वेल कोकंदच्या इस्पितळात भरती झाल्यासारखी दिसते, असं तुम्ही म्हणाला होता. निघताना ओयींनी पुन्हा विचारलं की या बाटल्यांत तू नक्की काय मोजतेस, आणि तेवढ्यात बस आली. म्हणून इथे लिहिते.

पान उन्हावर जगतं हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. हवेतला एक वायू आत घ्यायचा, मुळांनी पाठवलेलं पाणी उन्हाच्या जोरावर फोडायचं आणि त्यातून साखर बनवायची. पाणी फोडायला आम्हाला प्रयोगशाळेत वीज लागते. पान तेच काम आवाज न करता, धूर न करता, वाऱ्यावर डुलत करतं. कसं करतं हे जगात अजून कोणालाही पुरतं उमगलेलं नाही. त्या मोठ्या घराच्या बाहेरच्या उंबऱ्यावर मी उभी आहे. माझा प्रश्न लहान आहे. ऊन सर्वांत जास्त असतं त्या भर दुपारीच पान काम का थांबवतं? संस्थेच्या मळ्यातल्या वेली सकाळी जोमाने कामाला लागतात, दुपारी गप्प होतात, उन्हं कलली की जरा हलतात. दारात गिऱ्हाईक उभं आणि दुकानाला कुलूप. पान तहानेने थांबतं, की जास्त उजेडानेच आतून थकतं, यावर जाणत्यांत वाद आहे.

आणि यांगा, आपली वेल थांबत नाही. सबंध उन्हाळा भर दुपारी मी पानांवर निळा कागद लावत होते ना, पानाची तोंडं उघडी असली की जो गुलाबी होतो, तो आपल्याकडे रोज गुलाबी झाला. बाटल्यांतले आकडेही तेच सांगतात. आज मी ते सगळे वेरा आंतोनोव्नांपुढे ठेवले. त्या माझ्या मार्गदर्शक, सहजासहजी खूश होणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं की तुमच्या अंगणात वेगळं काय आहे. मी म्हटलं, वेल वेगळी आहे, हुसैनी जातीची, वडिलांच्या हातची. बाकी अंगणासारखं अंगण.

पुढच्या शरदात माझी इथली मुदत संपते. थोरला भाऊ म्हणून एर्गाश आकांनी दिलेली मुदतही तेव्हाच संपते, हे मी विसरलेले नाही. ही वेल खरी ठरली तर मला पदवी आणि इथे जागा, दोन्ही मिळेल. नाही ठरली, तर आपल्या तुतलिकच्या शाळेत शिकवणं आणि आकांनी पाहून ठेवलेलं ते स्थळ. ओयींना एवढंच सांगा की वडिलांची वेल मोठं काम करणार आहे.

तुमचा लोभ आहे, तो मुळाशी पाणी धरून राहावा. थकू नका.

तुमची,
मुअत्तर

* * *

तुतलिक
७ सप्टेंबर १९७३

चि. मुल्लाकिझ हिस,
यांगाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोहोचलं, दोनदा वाचून झालं. ओयी म्हणाल्या की लेक बसमध्ये उभी राहिली हे तू मला का वाचून दाखवलंस. म्हणजे आता तुझी चूकही माझ्या पदरात.

सासरच्या धाकट्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून या घरात सून आणि तुझी वहिनी होऊन आले तेव्हा तुझं नाव मी मुल्लाकिझ, म्हणजे पंडिता, ठेवलं. तू पुस्तक तोंडावर घेऊन ओट्यावर झोपलेली असायचीस आणि मी झाडू घेऊन भोवतीने फिरायची, तेव्हा तो टोमणा होता. आता जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने तुला विदुषी म्हटल्यावर माझ्या टोमण्याचे दात पडले.

हो, वर्तमानपत्र. तुझ्या आकांनी कोणाजवळ तरी बढाई मारली आणि गेल्या आठवड्यात एक माणूस कॅमेरा घेऊन दारात. ओयींनी रेशमी रुमाल बांधला. वेलीखाली उभ्या राहिल्या आणि फोटो होईपर्यंत श्वास रोखून धरला. त्यामुळे छापून आलेल्या चित्रात वेल टवटवीत आहे आणि ओयी बुडत असल्यासारख्या दिसतात. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, न थकणारी वेल. तुझे आका तो कागद घडी करून टोपीत ठेवून हिंडतात. मुदत आणि स्थळ हे दोन शब्द घरातून गेले आहेत. चहाच्या वेळी सुद्धा कोणी काढत नाही.

कापसाची वेचणी लागली. अंधारात ट्रकमध्ये चढायचं, अंधारात उतरायचं. बोटांची टोकं फुटली आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे, शाई वाईट आहे असं समज. एक विनंती, आमच्या मुकादमाला ही वेल कधी दाखवू नकोस. दुपारी जरा पाठ टेकली की तो तिचंच नाव घेऊन उठवायला येईल. खरं सांगू का, मला तुमच्या संस्थेच्या मळ्यातल्या वेलीच शहाण्या वाटतात.

तू पत्राच्या शेवटी थकू नका लिहितेस, कामात असलेल्या माणसाला म्हणतात तसं, त्याचं रीतसर उत्तर देते. तू असत राहा. लोभ ठेव, आणि नान कुलपात ठेवू नकोस, वाटून खा.

तुझी यांगा,
होसियत

* * *

ताश्कंद
१४ सप्टेंबर १९७३

ती. यांगा यांस,
सा. सलाम वि. वि.

सोबतच्या डबीत मलम आहे. झोपताना बोटांना लावा आणि वर कापड गुंडाळा. शाईला दोष देऊ नका, शाई चांगली आहे.

इथे गोष्टी माझ्या हाताबाहेर वेगाने चालल्या आहेत. संचालकांनी वेलीची हकिकत वर्षाच्या अहवालात घातली. नोव्हेंबरात मोठी सभा आहे, दूरदूरचे लोक येणार, त्यात वेरा आंतोनोव्ना मला बोलायला उभी करणार आहेत. रात्री डोळा लागत नाही, दिवसा उघडा राहत नाही. पण यांगा, विचार करा, दुपारी न थांबणारी वेल जर खरोखर जातीनेच तशी असेल, तर तिच्यावरून उद्या तसाच कापूस, तसाच गहू करता येईल. त्याच उन्हात, त्याच मातीत लोकांना जास्त पिकेल. असं काही आपल्या अंगणातून निघावं, याहून मला आयुष्यात जास्त काही नको.

एक काम आहे. वेलीचं कूळ हवं आहे. वडिलांनी ती काडी कुठून आणली, हे ओयींना विचारून कळवा. तेवढं मिळालं की माझं लिखाण पुरं होईल.

लोभाची सावली माझ्यावर असू द्या. थकू नका.

मुअत्तर

* * *

तुतलिक
२३ सप्टेंबर १९७३

चि. मुल्लाकिझ हिस,
अ. उ. आ. वि. वि.

मलम लावलं. तुझे आका म्हणाले की घरात मेंढीच्या चरबीचा वास येतो. मी म्हटलं, ताश्कंदच्या विज्ञानाचा वास आहे, सवय करून घ्या.

कूळ विचारलंस. ऐक, आणि नाराज होऊ नकोस. काडी शेजारच्या रिसोलत खोलांच्या सासऱ्याने दिली होती. आपल्या गल्लीतल्या सगळ्या वेली त्या एका वेलीच्या लेकी आहेत. रिसोलत खोला तर रुसून बसल्या आहेत. म्हणतात, आई आमच्या अंगणात आणि फोटो लेकीचा. वर असंही म्हणाल्या की आमची वेल तुमच्यासारखी ताठ नाही, भर दुपारी पानं मिटून घेते, म्हातारी झाली असेल. मी म्हटलं, खोला, मीही दुपारी मिटून घेते, मला कुठे कोणी म्हातारी म्हणतं. तेव्हा कुठे हसल्या.

आता माझी तक्रार. तू गेलीस की ओयी दुपारचा सडा थांबवतील असं वाटलं होतं. सकाळ-संध्याकाळ अंगण सगळेच शिंपतात, पण तू उन्हात उभी राहून बाटल्या हलवतेस म्हणून त्या जूनपासून रोज भर दुपारी पाटावरून बादल्या आणत होत्या. सगळं अंगण भिजवायच्या आणि वर पाच-सहा तांबे वेलीवर उडवायच्या, पानांनाही हुश्श वाटू दे म्हणून. ठीक, तेव्हा लेक पाहुणी होती. आता कोणासाठी? ऊन उतरलं तरी हात थांबत नाही. गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले. तुझे आका ओरडले, तर म्हणाल्या, लेक अवचित आली तर काय कोरड्या अंगणात पाऊल ठेवेल? माझं तर त्या ऐकतच नाहीत. तू पत्रातून दोन शब्द दटाव.

वेचणी संपायचं नाव नाही. पाठ माझी आहे की दुसऱ्या कोणाची, हे संध्याकाळी कळत नाही. लोभ असू दे, उत्तर लवकर दे.

होसियत

* * *

ताश्कंद
२७ सप्टेंबर १९७३

ती. यांगा यांस,
सा. सलाम वि. वि.

हे पत्र ओयींना वाचून दाखवू नका. त्यांनी विचारलं तर मी खुशाल आहे आणि मलम आणखी पाठवणार आहे, असं सांगा.

मला एवढंच कळवा. सडा मी मोजायला बाहेर येण्याच्या आधी व्हायचा का? रोज? मी तालुक्याला गेले होते आणि दुपारची मोजणी राहिली, ते दिवस सोडून एकही दिवस चुकला होता का? आणि वेलीवर पाणी उडवायच्या, ते मी डब्या लावलेल्या बाजूलाही?

मला हे आठवायला हवं. मी तिथेच होते. पण यांगा, मला आठवत नाही. ओली माती आठवते, तिचा वास आठवतो. सडा आठवत नाही.

मुअत्तर

* * *

तुतलिक
४ ऑक्टोबर १९७३

चि. मुल्लाकिझ हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी ओयींपासून लपवून दोनदा वाचलं, आणि तू हे का विचारतेस ते मला नीट कळलेलं नाही.

हो, तू बाहेर येण्याच्या आधी. तू आत बाटल्या भरत असायचीस तेव्हाच, तू अंगणात येशील तर पाय भाजू नयेत म्हणून. रोज. एकही दिवस चुकला नाही. एकदा ओयींना ताप होता तर मला शिंपायला लावलं होतं, आणि मी कोपरे सोडले म्हणून ऐकून घ्यावं लागलं होतं. डब्यांच्या बाजूला तर जास्तच पाणी, कारण तू तिथे उभी राहायचीस. तू अनवाणी त्या ओल्यात उभी राहून लिहायचीस. चप्पल तुझी उंबऱ्यावर असायची. तुला दिसलं नाही म्हणतेस, ते मला खरं वाटतं. मलाही सडा दिसत नाही, नसला तर दिसतो.

ओयींना मी मलमाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढंच लिहायला पोरीने तिकीट लावलं? मी म्हटलं, शहरात लोक असंच लिहितात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. मी खोटं बोलले की कानाची पाळी लाल होते, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे.

काय झालं ते सविस्तर लिही. लोभ आहे, म्हणूनच विचारते.

होसियत

* * *

ताश्कंद
२५ नोव्हेंबर १९७३

ती. यांगा यांस,
सा. सलाम वि. वि.

उत्तराला फार उशीर केला, क्षमा असावी. पहिलं पान ओयींसाठी वेगळं लिहिलं आहे, ते वाचून दाखवा. हे तुमच्यापुरतं.

तुमचं पत्र घेऊन मी त्याच दिवशी वेरा आंतोनोव्नांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोट चढवला आणि माळ्याची झारी घेऊन मला मळ्यात नेलं. ऑक्टोबर असला तरी ऊन कडक होतं. आम्ही दोघींनी मिळून एका रांगेभोवतीची जमीन भिजवली, पानांवर पाणी उडवलं, दुसरी रांग कोरडी ठेवली. थोड्या वेळाने, पानांवरचं पाणी सुकल्यावर, कागद लावले. कोरड्या रांगेत निळे, ओल्या रांगेत गुलाबी. संस्थेची साधी, रोज झोपणारी वेल आपल्या वेलीसारखी जागी राहिली.

म्हणजे वेलीत काही नव्हतं. हवा कोरडी झाली की पान तोंड मिटतं, आत पाणी राहावं म्हणून. तोंड मिटलं की हवाही आत येत नाही आणि काम थांबतं. आपल्या अंगणात हवा ओली होती, म्हणून पान मिटलं नाही. हवेतल्या ओलाव्याचे आकडे मी जिल्ह्याच्या हवामान केंद्रातून उतरवून आणले होते. वेरा आंतोनोव्ना एवढंच म्हणाल्या की ओलावा केंद्रात नव्हता, तुमच्या पायाखाली होता. माझ्या टिपणांत उजेड आहे, उष्णता आहे, प्रत्येक पानाची लांबी-रुंदी आहे. आणि रोज वर एक ओळ आहे, परिस्थिती नेहमीची. खोटं लिहिलं नव्हतं, यांगा. आमच्या घरात ती नेहमीचीच होती.

सभेच्या आधी संचालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले की सभेत काही न बोलता पुढच्या वर्षावर ढकलू, तोवर लोक विसरतील, तुझंही नाव राहील आणि आमचंही. मी एक रात्र ते मनात घोळवलं. मला ते हवं होतं, हे तुम्हाला सांगायला लाज नाही. पण त्या वर्तमानपत्रामुळे कोणीतरी आपल्या गल्लीतून काड्या नेईल, मळाभर लावेल आणि दुपारी त्या सगळ्या मिटलेल्या बघेल. मग तो काय म्हणेल? आपली मशागत चुकली म्हणेल.

म्हणून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. घरात उन्हातून येणाऱ्यासाठी अंगण शिंपतात, हेही सांगितलं. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, मग यापुढे दर वेलीमागे एक आई नेमावी. सगळे हसले. वेरा आंतोनोव्ना हसल्या नाहीत, पण मला सावरायलाही उठल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या की आता निदान प्रश्न कुठून धरायचा ते कळलं. अहवालातून ते पान काढलं आहे. मला पुढचा एक उन्हाळा मिळाला आहे. त्यात काही उभं राहिलं तर ठीक, नाहीतर तुतलिकची शाळा. आकांना एवढं कळवा. वर्तमानपत्रालाही मी लिहिलं आहे, छापतील असं वाटत नाही.

मी दमले आहे, यांगा. रडू येत नाही, नुसती झोप येते. एकच मागते. ओयींना यातलं काही कळू देऊ नका. त्या सुजलेल्या गुडघ्यांनी पाणी वाहत होत्या ते माझ्यासाठी. त्यानेच माझं काम बुडालं, हे त्यांच्या कानावर जाऊ नये.

तुमचा लोभ आता मला पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

मुअत्तर

* * *

तुतलिक
९ डिसेंबर १९७३

चि. मुल्लाकिझ हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तू सांगितलेलं मला निभावता आलं नाही. रागव, पण आधी वाच.

ओयींना वाचता येत नाही, पण पाकीट हातात घेऊन वजन करता येतं. मी तुझं पहिलं पान वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, इतक्या कागदात एवढंच? मी म्हटलं, बाकी बायकांच्या गोष्टी आहेत. त्या म्हणाल्या, मग मी कोण, मुकादम? आणि माझ्या कानाकडे पाहिलं. मी सगळं वाचलं, मुल्लाकिझ. मागच्या रांगेतल्या त्या माणसाचं तेवढं गाळलं होतं, पण मी अडखळले, आणि तेही वाचायला लावलं.

चहा थंड झाला. तुझे आका म्हणाले, तिचं नशीब, दुसरं काय, आणि टोपीतला कागद काढून शेगडीत घालायला निघाले. तेव्हा ओयींनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, फोटो माझा आहे, तो जाळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वेल थंडीपासून वाचवायला मातीत पुरायची होती, उशीरच झाला होता यंदा. तुझ्या आकांनी वेल मांडवावरून उतरवली, आम्ही दोघींनी चरात निजवून वर माती ओढली. ओयी माती थापटताना तिच्याशी बोलत होत्या. मी दूर होते, सगळं ऐकू आलं नाही. माझ्यापायी तुझ्यावर आळ आला, असं काहीसं होतं. मग मला म्हणाल्या, लिही तिला. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

मुअत्तर, तुझं काम माझ्या हाताने बिघडलं हे तू माझ्यापासून लपवलंस. ते चांगलं केलं नाहीस. मी तुला घाबरते असं समजलीस काय? मी चूक केली नाही, तूही केली नाहीस. पाहुण्यासाठी अंगण शिंपणं चूक असेल तर मला माझ्या आईकडे जाऊन भांडावं लागेल, आणि ती कबरीत आहे. आता मला सांग, पुढच्या उन्हाळ्यात शिंपायचं की नाही. तू सांगशील तसं करीन. नाही म्हणालीस तर लोक मला नावं ठेवतील. ठेवू देत.

एवढं सांगून झोपायला गेल्या. मला वाटतं तू त्यांना लवकर उत्तर द्यावंस, आणि ते मोठं असावं. हलकं पाकीट आता या घरात चालणार नाही.

लोभ तुझ्यावर आहे, तो कमी झालेला नाही. तू असत राहा.

होसियत

* * *

तुतलिक
१२ जुलै १९७४

ती. यांगा यांस, मुक्काम बेशारिक,
सा. सलाम वि. वि.

पहिलं बाळंतपण आईच्या घरी, हे योग्यच झालं. पण तुम्ही नसल्यामुळे या घरात टोमणे मारणारं कोणी उरलेलं नाही आणि जेवण अळणी लागतं. एर्गाश आका संध्याकाळी दोनदा फाटकाशी जाऊन येतात. टपाल बघायला गेलो होतो म्हणतात. टपाल सकाळी येतं.

वेल मार्चमध्ये मातीतून काढली, ती चांगली फुटली आहे. मी आणि ओयी जूनपासून कामाला लागलो. एक दिवस सडा, एक दिवस कोरडं, असं ठरवलं आहे. या वेळी ओलावा मोजायचं यंत्र मी संस्थेतून मागून आणलं, ते वेलीखालीच टांगलं आहे. सड्याच्या दिवशी पाणी मीच आणते. ओयी फक्त तांब्याने शिंपतात आणि कोपरे राहिले की सांगतात.

अवघड असतात ते कोरडे दिवस. पहिल्या दिवशी दुपार झाली तशा ओयी उठल्या, बादलीपर्यंत गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. मग बादली उलटी करून तिच्यावरच बसल्या, म्हणजे हात जाणार नाही. मी म्हटलं, ओट्यावर सावलीत बसा. त्या बसल्या, पण हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. डाळिंबं सोलायला मागितली, जुलैत. त्या म्हणाल्या की लग्न होऊन आल्यापासून वेल खालून कशी दिसते ते मी पाहिलेलंच नाही, उन्हात ही इतकी शांत असते होय. आता सवय झाली आहे. पाठ टेकून, हात मांडीत ठेवून बसतात आणि वर पाहतात. गुडघ्यांची सूज उतरली आहे, हे तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलं नाही, तरी कळवते.

आता कामाचं. कोरड्या दिवशी आपली वेल मिटते, रिसोलत खोलांच्या वेलीसारखीच, संस्थेच्या वेलीसारखीच. न थकणारी वेल कुठेच नाही. पण सड्याच्या दिवशी, तहान नसताना, तोंडं उघडी असतानाही, दुपार कलताना काम जरासं मंदावतं. थोडंसंच, पण रोज. म्हणजे तहान हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं आत आहे, जिथे उजेड पाणी फोडतो, आणि तिथवर माझी काचेची डबी पोहोचत नाही. वेरा आंतोनोव्नांनी कळवलं आहे की एवढ्यावर प्रबंध उभा राहील, लहानसा, वर्तमानपत्रात न छापण्याजोगा. संचालक तयार आहेत, आणि पुढे ताश्कंदला राहायचं की नाही ते प्रबंधानंतर बघू म्हणाले. आकांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, बघू. घरात सध्या सगळे बघूच म्हणत आहेत.

ओयींनी विचारलं की तोंड मिटून आत पान करतं तरी काय. मी म्हटलं, नक्की कोणालाच ठाऊक नाही, कदाचित दिवसभरात झिजलेलं दुरुस्त करत असेल, आम्हाला तेच शोधायचं आहे. त्या म्हणाल्या, शोध, पण ते दमलेलं असताना विचारू नकोस. मी हसले. नंतर दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण विचारायचं ते नेमकं तेव्हाच विचारावं लागणार आहे.

काल कोरडा दिवस होता. रिसोलत खोला भिंतीवरून डोकावल्या. भर दुपार, अंगण धुळीने पांढरं, आणि ओयी ओट्यावर रिकाम्या हातांनी बसलेल्या. खोलांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी विचारलं की घरात कोणी आजारी आहे का. ओयी म्हणाल्या, नाही, काम चाललंय. खोलांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फावडं नाही, बादली नाही, सुई-दोरा नाही. पण काम चाललंय म्हटल्यावर जे म्हणायचं ते म्हणायलाच हवं, म्हणून म्हणाल्या, थकू नका. ओयींनी जागचं न हलता उत्तर दिलं, तुम्ही असत राहा. आणि पुन्हा पानांकडे बघू लागल्या. मी कागद काढला. निळा होता.

बाळाला आणि तुम्हाला सुखरूप घरी आणायला आका गाडी घेऊन येतील, दिवस आधी कळवा. त्या दिवशी कोरड्याची पाळी असली तरी अंगण शिंपलेलं मिळेल, कोपऱ्यांसकट, असं ओयींनी लिहायला सांगितलं आहे. मोजणी मी एक दिवस पुढे ढकलीन, आणि टिपणात कारण लिहून ठेवीन.

लोभ आहेच, तो आता बाळासकट तिघांवर वाटून राहो. थकू नका.

तुमची,
मुअत्तर